वझं टेकायचा दगड

कळव्यात आमच्या चाळीच्या मागच्या खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसायचा. दिसायचा म्हणजे खिडकीत दुसरं काही मावायचंच नाही. पावसाळ्यात त्याच्यावरून चार-पाच ठिकाणी पाणी पांढरं होऊन उतरायचं आणि एप्रिलमध्ये तो करपून तपकिरी व्हायचा. बाबा रेल्वेच्या कारशेडमध्ये फिटर होते. त्यांनी मला समजावून सांगितलेली पहिली इतिहासाची गोष्ट म्हणजे, तेव्हा फास्ट लोकल बोगद्यातून जायची आणि स्लो लोकल डोंगराला वळसा घालून खाडीच्या कडेने जायची, ती का. ठाण्याहून कल्याणला रूळ पोचले १८५४ मध्ये, तेही खाडीच्या बाजूने. पारसिकचा लांब बोगदा झाला १९१६ साली. "मधली साठ वर्षं रेल्वेलासुद्धा डोंगराचं ऐकावं लागलं," असं बाबा म्हणायचे.

आज मी जे काम करते ते याच वाक्याच्या आसपासचं आहे. डोंगर आडवा आला तेव्हा माणसं कुठून गेली, कुठे थांबली, पाणी कुठे प्यायली, हे मी शोधते. पदवीच्या कागदावर पुरातत्त्वशास्त्र लिहिलेलं आहे. नात्यातली माणसं मात्र अजूनही विचारतात की, तू खोदतेस तरी कुठे? खरं सांगायचं तर गेल्या दहा वर्षांत मी फार थोडं खोदलं आणि खूप चालले. या क्षेत्रात यावंसं वाटणाऱ्या मुलामुलींसाठी हा प्रवास एकदा नीट लिहून ठेवायचा होता.

बी.ए. मी ठाण्यातच केलं, विषय इतिहास. घरून अपेक्षा बँकेच्या परीक्षांची होती आणि मी त्यांचा अभ्यासही सुरू केला होता. दुसऱ्या वर्षाला एका मॅडमनी वर्गात विचारलं, "ठाण्याचा तुरुंग कुणी पाहिलाय?" सगळ्यांनीच बाहेरून पाहिला होता. तो तुरुंग म्हणजे ठाण्याचा जुना किल्ला. १७८७ साली त्या किल्ल्यात बांधकामासाठी खोदताना ताम्रपट सापडले. शिलाहार राजा अरिकेसरीचे, शके ९३९ चे, म्हणजे इसवी सन १०१७ चे. त्यांचं भाषांतर कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात छापलं गेलं. आपल्या देशात जुने लेख वाचायचं शास्त्र रांगत होतं त्या वेळी ज्या मोजक्या लेखांवर लोकांनी डोळे घासले, त्यात ठाण्याचा लेख होता. शिलाहारांच्या लेखांत ठाण्याचं नाव येतं श्रीस्थानक. त्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी मुद्दाम तुरुंगाच्या बाजूने स्टेशनला गेले. भिंत तीच होती, पण मला ती पहिल्यांदा दिसली.

मग मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाचा पुरातत्त्वाचा अभ्यासक्रम केला. ठाण्याहून कलिन्याला जायचं, परत यायला रात्र व्हायची. तिथे नोकरी करणारी, निवृत्त झालेली, घर सांभाळणारी माणसं माझ्या बाकावर होती. या वर्गाने मला कान्हेरीला नेलं. कान्हेरीला मी शाळेच्या सहलीत गेलेच होते, पण या वेळी सरांनी मूर्तींकडे पाहूच दिलं नाही. आधी पाण्याची टाकी मोजायला लावली. प्रत्येक लेण्याच्या दाराशी टाकं, टाक्याकडे येणारे पन्हाळे, खडकाच्या पाठीवर कोरलेले बारीक पाट. पावसाचा थेंब कुठे पडला तर कुठल्या टाक्यात जाईल याचा विचार कुणीतरी दीड-दोन हजार वर्षांपूर्वी करून ठेवला होता. संध्याकाळी परत निघताना सरांनी एका लेखावर टॉर्च आडवा धरला आणि दुपारी नुसता खडबडीत दिसलेला दगड अक्षरांनी भरून गेला. ब्राह्मी वाचायची तर भर दुपारी जाऊ नये, उजेड तिरका हवा, हे तिथे शिकले. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म त्या वर्षी मी भरला नाही. घरी हे सांगायला मला तीन आठवडे लागले. आई गप्प बसली. बाबांनी एवढंच विचारलं, "यात शेवटी नोकरी असते का?" मी हो म्हटलं. उत्तर अर्धंच खरं होतं.

एम.ए.ला पुण्यात डेक्कन कॉलेजला गेले. १९३९ साली ही संस्था संशोधनासाठी नव्याने सुरू झाली आणि हसमुख सांकलियांनी तिथे पुरातत्त्वाचा पाया घातला. नेवासे, इनामगाव ही उत्खननाच्या जागांची नावं आम्ही इतक्या वेळा ऐकली की ती गावं नातेवाइकांची वाटायला लागली. माझ्याबरोबर भूगर्भशास्त्राचा एक मुलगा होता, कॉमर्सची एक मुलगी होती, एक जण इंजिनिअरिंग करून आला होता. इतिहास शिकलेल्यांना तिथे काही विशेष फायदा नसतो. दगड, हाडं, बिया, माती, लिपी, नाणी, नकाशे, सगळं शून्यापासून शिकावं लागतं. मला सगळ्यात जड गेलं ते खापराचं चित्र काढणं. मडक्याच्या काठाचा एवढासा तुकडा हातात असतो. त्याची वळणरेषा पाहून मूळ मडक्याचं तोंड केवढं होतं ते काढायचं आणि अर्ध्या बाजूला छेद, अर्ध्या बाजूला बाहेरचं रूप असं कागदावर उतरवायचं. एका खापराला पहिल्यांदा मला दीड तास लागला होता.

खापरं हाताळायची शिस्त अजून बोटांत आहे. धुवायचं, सावलीत वाळवायचं, आतल्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा छोटा पट्टा ओढायचा. तो सुकला की त्यावर काळ्या शाईने बारीक निबने जागेचं लघुनाम, वर्ष, खड्डा, थर लिहायचा आणि वरून पुन्हा एक पट्टा. असं दिवसाला दोनशे-तीनशे वेळा. कंटाळवाणं वाटेल, पण हा आकडा पुसला गेला की ते खापर मुकं होतं. कुठून आलं हेच माहीत नसेल तर कितीही सुंदर वस्तू असो, तिची किंमत शोभेपुरती.

पहिलं मोठं उत्खनन विदर्भातलं. पाच मीटर बाय पाच मीटरचे चौकोन, मधे न खोदलेल्या मातीच्या भिंती, त्यांना सगळे बाल्कच म्हणतात. तिथे माझ्या हातून एक चूक झाली ती इथे सांगते, कारण ती कुणाच्याही हातून होऊ शकते. जुन्या थरात नंतरच्या माणसांनी एक खड्डा घेतला होता. त्याची माती आजूबाजूच्या मातीपेक्षा किंचित मऊ आणि राखट होती. मला तो फरक कळला नाही. मी सरळ खाली गेले, आणि वरच्या काळाची खापरं खालच्या काळाच्या पिशवीत पडली. दोन दिवसांनी भिंतीच्या छेदात खड्ड्याची कड स्पष्ट दिसली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्या दोन दिवसांच्या सगळ्या पिशव्यांवर 'मिश्र' असं लिहावं लागलं. थर एकदा काढला की तो परत ठेवता येत नाही. तेव्हापासून शंका आली की मी खुरपी खाली ठेवते आणि मातीवर पाणी शिंपडून रंग पाहते.

एम.ए. झाल्यावर पीएच.डी.साठी विषय घ्यायचा होता आणि मला आपल्या जिल्ह्यात परत यायचं होतं. पुण्यातल्या सगळ्यांनी सावध केलं. देशावर पांढरीची टेकाडं असतात. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी राहिलेल्या वस्तीची माती, राख, शेण, पडलेल्या भिंती साचून उंचवटा होतो, आणि गावकरीसुद्धा त्याला पांढरीच म्हणतात. कोकणात हे सहसा मिळत नाही. एवढा पाऊस पडतो की घरं टिकत नाहीत, मातीत हाडं टिकत नाहीत, उतारावरचं सगळं वाहून जातं आणि सपाटीवर शेकडो वर्षं भातखाचरं बांधली-मोडली जातात. खाडीकाठची खाजणं भरून शहरं उभी राहिली ती वेगळीच. सिडको १९७० साली स्थापन झाली, त्याआधी जिथे मिठागरं आणि भातशेती होती तिथे आज नवी मुंबईचे सेक्टर आहेत. मग पाहायचं कुठे?

मी म्हटलं, डोंगरात. सह्याद्री हा लाव्हाच्या थरांचा डोंगर आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या. कठीण थराचा कडा होतो, मऊ थर झिजून त्याची पडवी होते, म्हणून लांबून तो पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. माणसाची वाट त्या पडवीवरून जाते आणि पाणीसुद्धा बरेचदा दोन थरांच्या सांध्यातूनच पाझरतं. म्हणजे वाट, पाणी आणि सावली डोंगर स्वतः एकाच ओळीत मांडून ठेवतो. कोकणच्या मातीने जे जपलं नाही ते या कातळाने जपलेलं असतं.

कल्याणपासून घाटमाथ्यापर्यंतच्या वाटा असा विषय ठरला. कल्याणचं नाव ग्रीक भाषेतल्या 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या नाविकांच्या माहितीपुस्तकात आहे. कल्याण हे आधी रीतसर बंदर होतं, पण नंतरच्या सत्ताधाऱ्याने अडथळा केला आणि तिथे चुकून येणारी ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला पाठवली जाऊ लागली, असं त्यात म्हटलंय. बंदरात उतरलेला माल जुन्नरकडे जायचा तर सह्याद्री चढणं आलं, आणि त्यासाठीची प्रसिद्ध वाट म्हणजे नाणेघाट. मुरबाडच्या पुढे वैशाखऱ्याजवळून चढायला सुरुवात होते. वरच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणांची मोठी यादी. गायींचे, कार्षापण नावाच्या नाण्यांचे आकडे त्यात चिन्हांनी लिहिलेत, आणि आपल्या अंकांचा इतिहास लिहिणारे जगभरचे अभ्यासक त्या भिंतीशी येऊन थांबतात. मागच्या भिंतीशी राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. ते आता नाहीत, वर कोरलेली नावं उरलीत. बाहेरच्या दगडी रांजणाला सगळे जकातीचा रांजण म्हणतात. गुहेतल्या लेखात जकातीचा उल्लेख नाही, म्हणून मी प्रबंधात 'परंपरेनुसार' हा शब्द घालूनच लिहिलं. त्यावरून गड फिरणारी काही मंडळी माझ्यावर नाराज झाली, पण लेखात नसलेलं मी लेखाच्या तोंडी घालू शकत नाही.

मला मात्र राणीपेक्षा एका सोनाराने जास्त बांधून घातलं. लेण्याद्रीला एका टाक्याजवळ ओळभर ब्राह्मी लेख आहे. त्याचा अर्थ असा: कल्याणचा सोनार संघक, कुडिराचा मुलगा, त्याचं पोढीचं दान. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. कल्याणच्या बाजारातल्या एका कारागिराने घाट चढून पलीकडे, स्वतःला रोज लागणार नाही असं पाणी खडकात कोरून दिलं. एवढीच ओळ. मी तिच्यासमोर बसून जेवले. माझा जन्म कल्याणपासून पाच-सहा स्टेशनांवरचा. हा माणूस कुठल्या वाटेने आला असेल, वाटेत कुठे टेकला असेल, हा माझ्या सगळ्या कामाचा प्रश्न त्या जेवणात ठरला.

पद्धत अशी होती. भारतीय सर्वेक्षण विभागाचे पन्नास हजारी, म्हणजे एका सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर दाखवणारे नकाशे घ्यायचे, जुन्या आवृत्त्यांतल्या तुटक रेषांच्या पायवाटा संगणकावर उतरवायच्या. उपग्रहाने मोजलेल्या उंचीच्या आकड्यांवरून सॉफ्टवेअरला विचारायचं की, या टोकापासून त्या टोकापर्यंत कमीत कमी श्रमाची वाट कुठली. ती आली की प्रत्यक्ष चालून पाहायची. पुरातत्त्व खात्याची परवानगी, वन विभागाची परवानगी, गावात सरपंचांना भेटून सांगणं, हे सगळं त्याआधी. यात काही ठिकाणी महिने गेले. एका कार्यालयात माझी फाइल सापडेना म्हणून मी तीच कागदपत्रं तीन वेळा दिली.

आणि हंगाम ठरतो गवतावर. पावसाळा संपला म्हणून डोंगर मोकळा होत नाही. ऑक्टोबरात गवत छातीएवढं असतं, आत टाकं आहे की साप ते कळत नाही. लोक गवत कापतात, वाळतं, गुरं चरतात, मग कुठे जमीन दिसायला लागते. डिसेंबर ते मार्च काम करायचं, एप्रिलपासून कातळ तापतो.

पहिले दोन हंगाम माझ्या हाती जवळजवळ काही लागलं नाही. संगणकाने दाखवलेली वाट मी चार वेळा चालले. वाट सोपी होती, पण तिच्यावर जुनं काही नव्हतं. पायऱ्या नाहीत, टाकं नाही, देवाचा दगड नाही. त्याच वर्षी ज्या प्रकल्पातून मला भत्ता मिळत होता तो अर्ध्यात बंद झाला. कारण कुणी लेखी दिलं नाही, पाच महिन्यांचे पैसेही थकले. मी शिकवण्या घेतल्या. बाबा तेव्हा निवृत्त झाले होते. एका सकाळी माझ्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात लोकलचा नवा पास आणि दोन हजार रुपये होते. आम्ही दोघं त्याबद्दल कधीच बोललो नाही.

तिसऱ्या हंगामात घाटाखालच्या एका ठाकरवाडीत मी मुक्काम केला. ज्यांच्या घरी राहिले त्या आजोबांचं वय सत्तरीच्या पुढे. त्यांचा बाप डोक्यावर मीठ आणि सुकट घेऊन वर जायचा, वरून मिरची-कांदा आणायचा आणि हे लहानपणी त्याच्याबरोबर चालायचे. मी त्यांना लॅपटॉपवर माझी लाल रेघ दाखवली. त्यांनी डोंगर ओळखला, नाळ ओळखली, सोंडा ओळखल्या. रेघेवर बोट ठेवून बराच वेळ बसले आणि म्हणाले, "बाय, तुजा कंपूटर रिकामा चालतोय. वझं देऊन चालव त्याला."

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन निघाले. रेघेपासून पाऊण किलोमीटर बाजूला. सुरुवातीलाच मला वाटलं हे उगाच लांबून नेतायत, कारण वाट डोंगराला आडवी जात होती, चढतच नव्हती. मग लक्षात आलं की ती चढत होती, पण पडवीपडवीने. एक पडवी संपेपर्यंत आडवं जायचं, तिथल्या मोडलेल्या कड्यातून थोडं वर यायचं, पुढची पडवी धरायची. डोक्यावर ओझं असलेल्या माणसाला खडा चढ चालत नाही. त्याची मान ताठ हवी, पाय सपाट पडायला हवा. हात धरून चढायची जागा आली की तो अडकला. संगणकाचा उंचीचा एक एक चौकोन तीस मीटरचा, आणि ही पडवी काही ठिकाणी जेमतेम दोन मीटर रुंद. म्हणजे माझ्या नकाशात ती वाट दिसणं शक्यच नव्हतं. तिथे नुसता कडा होता.

अर्ध्या तासाने ते एका दगडापाशी थांबले. छातीएवढा उंच, माथा सपाट. "हा वझं टेकायचा दगड," ते म्हणाले. डोक्यावरचा भारा खाली जमिनीवर ठेवला तर परत उचलून द्यायला दुसरा माणूस लागतो. एकट्याला तो उतरवता आणि परत चढवता येईल अशा उंचीचा दगड लागतो. काही ठिकाणी तसा दगड होता म्हणून लोक थांबू लागले, आणि काही ठिकाणी नव्हता म्हणून खालचे धोंडे रचून तो केलेला होता. माथ्यावर हात फिरवला तर तो वापराने गुळगुळीत झालेला. त्या वाटेवर असे सात दगड आम्ही त्या हंगामात नोंदवले. चढातलं अंतर प्रत्येक वेळी जवळपास सारखं, वीस-पंचवीस मिनिटांच्या चालीचं. माझ्या वहीत मी अंतर मीटरमध्ये लिहीत होते. आजोबा म्हणाले की, मान किती वेळ धरते त्यावर दगड असतो.

चौथ्या दगडामागे कारवीचं रान होतं. आजोबांची सून सहज बोलून गेली की दिवाळीपर्यंत गुरं तिथं पाणी पितात. आम्ही कारवी बाजूला केली. मातीतून खडकाची एक सरळ कड वर आलेली होती. निसर्गात एवढी सरळ कड सहसा नसते. मी गुडघ्यावर बसून बोटांनीच माती सारत गेले आणि काटकोन लागला. टाकं होतं. तोंड सव्वादोन मीटर बाय दीड मीटर, आत गाळ भरलेला. काठाच्या आतल्या भिंतीवर छिन्नीचे तिरके घाव ओळीने, एकाच हाताने, उजव्या हाताने मारल्यासारखे. वरच्या बाजूने पावसाचं पाणी आत आणणारा चार बोटं रुंद पाट आणि कडेला खांब रोवायच्या दोन खळग्या, म्हणजे वर कधीतरी छप्पर असणार. मला काही बोलता येईना. आजोबा बाजूच्या दगडावर बसून विडी ओढत होते. त्यांना त्यात नवल वाटलं नाही, पाणी तिथे होतं हे त्यांना ठाऊकच होतं.

गाळ आम्ही काढला नाही. माझी परवानगी सर्वेक्षणाची होती, उत्खननाची नाही, आणि गाळातच काळ सांगणारी खापरं असू शकतात. मोजमापं घेतली, फोटो, रेखाटन, जागेची नोंद, आणि खात्याला अहवाल. जागेचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. गुप्तधनाच्या नादाने टाकी आणि समाध्या फोडणारे लोक आहेत, आणि अशा ठिकाणी पहारा नसतो.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत मला विचारलं गेलं, "नाणेघाट जवळ, घडण तशीच, मग हे टाकं सातवाहनकालीन असं का लिहिलं नाही?" त्या एका शब्दाने माझ्या कामाची बातमी झाली असती, हे मला माहीत होतं. पण लेख नाही, खापर नाही, छिन्नीच्या घावावरून शतक सांगता येत नाही. शिलाहारांच्या काळातही टाकी कोरली गेली, नंतरही. माझं म्हणणं एवढंच होतं की वाट, टेकायचे दगड आणि टाकं ही एकच रचना आहे, ओझं वाहणाऱ्या माणसाच्या शरीराने ठरवलेली, आणि लेणी, शिलालेख यांच्या बाहेरचा घाट समजून घ्यायचा तर ही रचना प्रत्येक वाटेवर शोधायला हवी. परत आल्यावर मी ड्रोनच्या बारीक मोजणीवर, चढाचा त्रास जास्त धरून, म्हणजे आजोबांच्या भाषेत संगणकाला वझं देऊन, वाट पुन्हा काढली. या वेळी रेघ सातपैकी पाच दगडांजवळून गेली. उरलेल्या दोन दगडांकडे ती का वळत नाही, हे अजून सुटलेलं नाही.

नोकरीचं सांगते, कारण बाबांचा प्रश्न बरोबर होता. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात आणि राज्याच्या संचालनालयात जागा निघतात, पण कमी आणि उशिराने. ग्रेटर नोएडाला सर्वेक्षणाच्या संस्थेचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे. नेट-सेट या पात्रता परीक्षा झाल्या तर कॉलेजात शिकवता येतं, तेही बहुतेकदा तासिकेवर. मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवते आणि उरलेल्या दिवसांत कंत्राटी सर्वेक्षणं करते. पगाराचा आकडा माझ्या बँकेतल्या मैत्रिणीच्या निम्म्याच्या आसपास आहे. हे माहीत असूनच यावं. माझ्या वर्गातल्या चौघांनी क्षेत्र सोडलं, त्यातली दोघं माझ्यापेक्षा चांगली खापरं वाचायची. ही हळहळ जात नाही.

कॉलेजला जाताना ठाणे-वाशी गाडीत मी डोंगराच्या बाजूची खिडकी धरते. ऐरोली, रबाळे, घणसोली. तोच पारसिकचा डोंगर, पण या बाजूने खाणींनी उभा कापलेला. काही वर्षांपूर्वी इथल्या एका सोंडेवर मला खडकात कोरलेला पाट आणि दोन खळग्या दिसल्या होत्या. फोटो काढला, पुढच्या वर्षी नीट मोजू म्हटलं. पुढच्या वर्षी ती सोंडच नव्हती. घाटातल्या त्या टाक्याच्या काठावर नेमका तसाच पाट आणि तशाच दोन खळग्या पाहिल्यापासून तो फोटो मी वर्गात दरवर्षी दाखवते आणि मुलांना घरी जाताना खिडकीतून डोंगर पाहायला सांगते. मागच्या वर्षी बेलापूरचा एक मुलगा आजीला विचारून आला की पूर्वी त्यांचं गाव पाणी कुठून भरायचं, आणि वहीच्या पानावर हाताने नकाशा काढून आणला. त्यातल्या दोन जागा आम्ही जाऊन पाहिल्या. एकीवर इमारत आहे. दुसरीवर अजून पाणी आहे.

काल संध्याकाळी ठाकरवाडीतून आजोबांच्या नातवाचा मेसेज आला. आजोबा आता वर येत नाहीत, गुडघे धरलेत, पण चौथ्या दगडापर्यंतची वाट त्यांनी नातवाला चालून दाखवली आहे आणि पलीकडच्या सोंडेवर अजून एक दगड आठवतो म्हणाले. मेसेजच्या शेवटी लिहिलं होतं, "गवत कापून झालंय. या." टेप, बॅटरी, दोरी, शाईची बाटली आणि बाबांसाठी काठी असं सामान मी काढून ठेवलं आहे. ते या वेळी पहिल्या दगडापर्यंत येणार आहेत.